साडेपाचशे किलो आणि साडेतीन इंच

"मागं काय भरलंय सायेब? सळई का?"

वजनकाट्यावरच्या पोराने केबिनमधून मान बाहेर काढून विचारलं, तेव्हा तो माझ्याशी बोलतोय हे मला आधी कळलंच नाही. पुढे कांद्याचा टेम्पो, मागे भंगाराचा ट्रक आणि मध्ये आमची जिप्सी. पोराने हातात चिठ्ठी ठेवली. १५४० किलो! गाडी रिकामी होती हो. निदान माझ्या समजुतीप्रमाणे तरी. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात तिचं वजन ९८५ किलो छापलंय. म्हणजे साडेपाचशे किलोंचा फरक. त्यातले ७५ माझे (बायकोच्या मते ८०), पण बाकीचे?

ही गोष्ट २०२३ च्या नोव्हेंबरातली. नातेवाईक मंडळींना जिप्सीपुराण पाठ आहेच. आत्याने तर त्या गाडीचं नाव 'सवत' ठेवलंय. नवीन वाचकांसाठी थोडक्यात: २००८ सालची, कापडी हूडची, पेट्रोलवर चालणारी मारुती जिप्सी मी २०१२ मध्ये सेकंडहँड घेतली आणि पुढची अकरा वर्षं दर दिवाळीच्या बोनसला तिच्या अंगावर काही ना काही चढवत गेलो. डोंगरात जायचं, तंबू ठोकायचा, चूल मांडायची, एवढाच हेतू. पंधरा वर्षं झाली म्हणून पासिंगला न्यायची वेळ आली, तेव्हा मिस्त्री म्हणाला, "एकदा काट्यावर घालून आणा, मग बोलू." आणि ती चिठ्ठी हातात आली.

त्या रात्री झोप लागली नाही. मग आपला नेहमीचा उपाय केला, वाचत बसलो. लोकांनी हे असं गाड्यांना काहीबाही लावून रानावनात जायला सुरुवात कधी केली? आणि वजनाचा विचार कुणीच केला नव्हता का? वाचता वाचता लक्षात आलं की या छोट्या गाड्यांचा सगळा इतिहासच मुळी वजनाचा आहे. तोच आज सांगतो. नमनाला घडाभर तेल झालंच आहे, तर आता नाटकही बघून जा.

सुरुवात करायला हवी ती राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यापासून. १९२० च्या दशकात इजिप्तमध्ये नेमणूक असताना या माणसाला सुटीत वाळवंटात भटकायचं वेड लागलं. गाड्या कोणत्या? साध्या फोर्ड, आधी मॉडेल टी आणि मग मॉडेल ए. फोर व्हील ड्राइव्ह वगैरे काही नाही. गाडी वाळूत रुतली की काय करायचं, यावर त्याने कैरोच्या भंगारवाल्याकडून पोलादी पन्हळी आणल्या. पहिल्या महायुद्धात खंदकांच्या छतासाठी वापरलेल्या. त्या चाकांपुढे सरकवायच्या आणि गाडी त्यांच्यावरून बाहेर काढायची. टायरमधली हवा कमी केली की टायर पसरतो आणि वाळूवर तरंगल्यासारखा चालतो, हेही त्याने आणि त्याच्या मित्रांनी पक्कं करून ठेवलं. रेडिएटर उकळून पाणी वाया जातं म्हणून रेडिएटरपासून एका डब्यात नळी सोडली. वाफ डब्यात जायची, तिथे तिचं पाणी व्हायचं आणि इंजिन थंड झालं की तेच पाणी परत आत ओढलं जायचं. शून्य खर्च, आणि वाळवंटात पाण्याचा थेंब न थेंब वाचला.

१९४० मध्ये युद्ध इजिप्तच्या दारात आलं, तेव्हा याच बॅग्नोल्डने ब्रिटिश सैन्यासाठी वाळवंटात खोलवर गस्त घालणारी तुकडी उभी केली. तीच पुढे 'लाँग रेंज डेझर्ट ग्रुप' म्हणून गाजली. त्यांनी शेवरले ट्रक घेतले आणि सगळ्यात आधी काय केलं? दारं काढली. टप काढला. समोरच्या काचा काढल्या. त्यानंतर मग पाटे मजबूत केले, रुंद टायर घातले, पन्हळी लटकवल्या, पाणी आणि पेट्रोल भरलं. (याच गृहस्थाने १९४१ मध्ये वाऱ्याने उडणाऱ्या वाळूच्या भौतिकशास्त्रावर पुस्तक लिहिलं, ते आजही अभ्यासलं जातं. काही माणसांना दिवसाचे तास जास्त मिळत असावेत.)

हा क्रम लक्षात ठेवा. आधी काढलं, मग लावलं. मी अकरा वर्षांत एक गोष्ट काढली होती: मागची सीट. आणि तीही कप्पे बसवायला.

त्याच १९४० सालात, तिकडे अमेरिकेत, लष्कराला एक छोटी चपळ गाडी हवी होती. जुलैमध्ये त्यांनी १३५ कंपन्यांना पत्रं धाडली. अटी अशा: चारही चाकांना ताकद हवी, पहिला नमुना ४९ दिवसांत हवा आणि गाडीचं वजन १३०० पौंडांपेक्षा जास्त नको. १३०० पौंड म्हणजे सुमारे ५९० किलो. इतक्या वजनात अशी गाडी होणंच शक्य नव्हतं, पण साहेबांनी लिहिलं की लिहिलं. बहुतेक कंपन्यांनी उत्तरच दिलं नाही. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची बॅन्टम ही डबघाईला आलेली कंपनी मात्र पुढे आली. कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या अभियंत्याने काही दिवसांत आराखडा काढला आणि २३ सप्टेंबर १९४० ला, मुदत संपायला अर्धा तास उरलेला असताना, गाडी बाल्टिमोरजवळच्या लष्करी तळावर पोचली.

वजन अर्थातच जास्त भरलं. त्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. रुतलेली गाडी दोन माणसांना खड्ड्यातून काढता आली तर ती आपल्या कामाची, असं तिथला एक अधिकारी म्हणाला. त्यावर घोडदळाचा एक धिप्पाड सेनानी पुढे आला, त्याने वाकून गाडीचं मागचं अंग एकट्याने उचललं आणि मान डोलावली. झालं, गाडी पास!

गोष्ट थोडी तिखटमीठ लावलेली असेलही. पण कसोटी किती सोपी बघा. दोन माणसांना निघाली पाहिजे.

पुढे लष्कराने वजनाची अट सैल करून २१६० पौंडांवर आणली. विलिस कंपनीच्या गाडीचं इंजिन सगळ्यांत दमदार, पण गाडी अडीचशे-तीनशे पौंडांनी जड. इंजिन बदलायचं नाही असं त्यांचे मुख्य अभियंता डेल्मर रूस यांनी ठरवलं आणि अख्खी गाडी सुटी करून एकेक भाग हलका करायला घेतला. बोल्टची जास्तीची टोकं कापली, पत्रा बदलला, रंगाचा एकच थर ठेवला असंही सांगतात. गाडी अटीत बसली आणि तीच पुढे जगभर 'जीप' म्हणून गेली.

आता गंमत सांगतो. २१६० पौंडांचे किलो केले तर होतात ९८०. माझ्या जिप्सीचं छापील वजन किती? ९८५! हा हिशोब कागदावर मांडला तेव्हा मी रात्री दीड वाजता एकटाच हसलो. रूस साहेबांनी बोल्टची टोकं कापून जो आकडा गाठला, त्यावर मी अकरा वर्षं बोनस खर्चून साडेपाचशे किलो चढवले होते.

युद्ध संपल्यावर हजारो जीपा स्वस्तात विकल्या गेल्या आणि इथून हौशी लोकांचा इतिहास सुरू होतो. या जीपांची एक खोड होती. डांबरी रस्त्यावर गरज नसतानाही पुढचा सगळा ॲक्सल फिरत राहायचा. झीज आणि पेट्रोल, दोन्हीचा खर्च. सिअ‍ॅटलच्या वॉर्न कंपनीने १९४८ मध्ये चाकाला बसवायचे हब काढले. रस्त्यावर हब मोकळे ठेवायचे, चिखल आला की लॉक करायचे. म्हणजे पहिल्या लोकप्रिय 'मॉडिफिकेशन'चा हेतू होता गाडीचं उगीचचं काम कमी करणं. त्याच कंपनीने १९५९ मध्ये हौशी लोकांसाठी विजेवर चालणारी विंच आणली. इटलीत १९५८ पासून टपावर बसवायचे तंबू विकायला लागले आणि पूर्व जर्मनीत तर लोक चिमुकल्या ट्राबांट गाडीच्या टपावर तंबू टाकून सुटीला जायचे. ऑस्ट्रेलियात रस्त्यात कांगारू आडवे येतात म्हणून पुढे लोखंडी बुलबार आला. तिथल्या एआरबी या १९७५ मध्ये सुरू झालेल्या कंपनीने तो पुढे जगभर पोचवला.

प्रत्येक वस्तूमागे कुणाची तरी खरी अडचण होती. कांगारू होते, वाळू होती, निर्मनुष्य शेकडो मैल होते. मी मात्र कोथरूडमध्ये ४५ किलोंचा बुलबार लावून फिरत होतो. आमच्याकडे आडवी येते ती फक्त पीएमटी.

आपल्याकडे जीप आली ती मुंबईत. १९४५ मध्ये महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम महंमद यांनी 'महिंद्र अँड महंमद' नावाची कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव बदलून 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस माझगावला जीपांची जोडणी सुरू झाली. पुढे उंच बॉनेटचं 'सीजे-३बी' मॉडेल इथे वर्षानुवर्षं बनत राहिलं, आणि तीच जीप जपानमध्ये मित्सुबिशी बनवत होती.

ही उंच बॉनेटची जीप आमच्या घरात फोटोत आहे. बाबा पाटबंधारे खात्यात होते. बहात्तरच्या दुष्काळात दुष्काळी कामांवर आणि नंतर कुकडीच्या कालव्याच्या सर्वेक्षणावर. फोटोत ते, दोन खलाशी, ड्रायव्हर आणि मागे ताडपत्रीचं हूड टाकलेली खात्याची जीप. थिओडोलाइटची पेटी, लाल-पांढऱ्या काठ्या, एक राहुटी, स्टोव्ह, पाण्याचं पिंप. आठ-आठ दिवस मुक्काम असायचा. आपण ज्याला आता 'कॅम्पिंग' म्हणतो आणि पैसे मोजून करतो, ते बाबांनी भत्ता घेऊन केलं. :-)

जिप्सी मी घेतली ती खरं तर त्या फोटोमुळे. बाबा निवृत्त झाले होते, आई नुकतीच गेली होती, आणि ते दिवसभर पेपर वाचत बसायचे. म्हटलं, त्यांना परत रानात न्यावं. हे इथे पहिल्यांदाच लिहितोय.

आता जिप्सीचं मूळ. जपानमध्ये 'केइ' नावाचा छोट्या गाड्यांचा वर्ग आहे. लांबी-रुंदी आणि इंजिन ठरावीक मापात ठेवलं की कर कमी. होप नावाच्या एका लहानशा कंपनीने १९६७ च्या सुमारास मित्सुबिशीचं ३५९ सीसीचं इंजिन घालून छोटीशी फोर व्हील ड्राइव्ह गाडी बनवली होती. ती फारशी खपली नाही. सुझुकीच्या ओसामु सुझुकींनी १९६८ मध्ये तिचे हक्क घेतले आणि १९७० च्या एप्रिलमध्ये 'एलजे१०' जिम्नी बाजारात आली. ३५९ सीसी, २५ अश्वशक्ती. लांबी तीन मीटरच्या आत बसवायची म्हणून स्टेपनी मागे लटकवण्याऐवजी आत, सीटच्या मागे ठेवली आणि त्यामुळे गाडी झाली तीनच माणसांची. वजन सुमारे ६०० किलो.

परत तोच आकडा! अमेरिकन लष्कराने १९४० मध्ये मागितलेले आणि कुणालाच न जमलेले ५९० किलो तीस वर्षांनी करबचतीच्या नादात एका जपानी गाडीने जवळजवळ गाठले.

पुढे इंजिन वाढत गेलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ९७० सीसीची 'एसजे४१०' आली आणि तिचीच लांब आवृत्ती १९८५ मध्ये आपल्याकडे 'मारुती जिप्सी' म्हणून आली. ताकद ४५ अश्वशक्ती. १९९६ मध्ये १३०० सीसीची 'जिप्सी किंग' आली, २००० मध्ये तिचं इंजिन ८० अश्वशक्तीचं झालं. चारही चाकांना पाटे, त्यामुळे बसणाऱ्याच्या मणक्यांची मोजदाद होते. पण हलकी इतकी की चिखलातून मांजरासारखी जाते. सैन्याने ती हजारोंनी घेतली. १९९९ मध्ये सुरू झालेल्या 'रेड दे हिमालया'त तिने नाव काढलं आणि २०१४ पासून गोव्यात भर पावसाळ्यात होणाऱ्या 'रेनफॉरेस्ट चॅलेंज'मध्येही चिखलात लडबडलेल्या जिप्सीच जास्त दिसायच्या. २०१९ च्या सुमारास तुमच्याआमच्यासाठी तिची विक्री थांबली. २०२३ च्या जूनमध्ये तिच्या जागी पाच दारांची जिम्नी आली.

तर अशी ही गाडी माझ्या हातात पडली आणि मी काय काय केलं, तेही सनावळीसकट सांगतो. इतिहास म्हटला की सनावळी हवीच.

२०१३: टायर. मूळचे २०५/७० आर १५ काढून २३५/७५ आर १५ घातले. व्यास जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढला. गाडी रुबाबदार दिसायला लागली आणि घाटात तिसऱ्याऐवजी दुसरा गिअर लागायला लागला. २०१४: मोठे टायर आत घासायला लागले म्हणून जाड पाटे आणि लांब शॉकअप घालून गाडी दोन इंच उचलली. २०१५: पुढचा लोखंडी बंपर. २०१६: बंपर आहे तर विंच हवीच. २०१७: विंच बॅटरी खाते म्हणून दुसरी बॅटरी. २०१८: कापडी हूड काढून फायबरचा टप, त्यावर लोखंडी कॅरिअर. २०१९: कॅरिअर रिकामं बरं दिसत नाही म्हणून टपावरचा तंबू, ५० किलो. २०२१: मागे प्लायवुडचे कप्पे, छोटा फ्रिज, पाण्याची टाकी, दोन जेरीकॅन. मागे वजन वाढून गाडी बसली म्हणून आणखी एकेक पाटा.

वाचताना तुमच्या लक्षात आलं असेल. बंपरमुळे विंच, विंचमुळे बॅटरी, बॅटरीमुळे आणखी काहीतरी. रानात गेल्यावर आलेल्या अडचणीसाठी घेतलेली वस्तू यात फार थोडी आहे. बहुतेक वस्तू आधीच्या वस्तूची अडचण सोडवायला आल्या.

वजन नुसतं वाढत नाही, ते वर जातं हा आणखी एक घोळ. याचाही इतिहास आहे. जिप्सीची अमेरिकेतली सख्खी बहीण म्हणजे 'सामुराई'. १९८८ मध्ये तिथल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक मासिकाने ही गाडी वळणावर सहज कलंडते म्हणून तिला नापास केलं. सुझुकीला ते मुळीच मान्य नव्हतं. १९९६ मध्ये त्यांनी खटला भरला आणि २००४ मध्ये पैशांची देवाणघेवाण न होता समझोता झाला. खरं-खोटं काय यावर लोक अजून वाद घालतात. मला त्या वादात पडायचं नाही. पण अरुंद, उंच गाडीच्या टपावर आपणहून ९० किलो ठेवणाऱ्याला तो वाद ऐकून घाम फुटायला हवा एवढं नक्की.

दुसऱ्या बाजूनेही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल याला उपरती झालीय. बदल केलेली गाडी काय करू शकते, तर २१ एप्रिल २००७ ला चिलीमधल्या दोघांनी बदल केलेली सामुराई ओहोस देल सालादो या ज्वालामुखीवर ६६८८ मीटर उंचीपर्यंत चढवली. त्याच डोंगरावर काही आठवडे आधी एका जीपने ६६४६ मीटरचा विक्रम केला होता, तो मोडला. पुढे तोही मोडला गेला, पण छोटी सुझुकी तिथे पोचली होती. तेव्हा बदल करणं वाईट नाही. कशासाठी करतोय ते माहीत असलं पाहिजे.

असो. पासिंगकडे वळतो. कायद्याने गाडीच्या मूळ रचनेत असे बदल चालत नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तेच सांगतं आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या जानेवारीत ते ठणकावून सांगितलं. बुलबारविरुद्ध तर केंद्राने २०१७ च्या डिसेंबरातच राज्यांना कारवाई करायला कळवलं होतं, कारण धडकेत पायी चालणाऱ्याचा जीव जातो. मी सहा वर्षं 'सगळेच लावतात' म्हणत तिकडे काणाडोळा केला. आता पंधरा वर्षांच्या पासिंगला ते चालणार नव्हतं. मिस्त्रीने तीन दिवस लावून सगळं उतरवलं. बंपर, विंच, कॅरिअर, तंबू, कप्पे, पाटे, सगळं. जुने पाटे आणि मूळचं हूड त्याने गॅरेजच्या माळ्यावर जपून ठेवलं होतं. "तुम्ही कधीतरी परत मागणार, माहीत होतं," म्हणाला. मूळ मापाचे टायर घातले आणि जिप्सी जमिनीला टेकल्यासारखी दिसायला लागली.

संध्याकाळी ती घेऊन सोसायटीत आलो. बाबा फाटकाजवळ वॉचमनशी गप्पा मारत उभे होते. मी गाडी थांबवली. त्यांनी दार उघडलं, दांड्याला धरलं, पाय टाकला आणि येऊन शेजारी बसले. "चल, एक चक्कर मार," म्हणाले.

मी गाडी चालू केली, पण गिअर टाकायचा राहिलाच. कारण बाबा या गाडीत शेवटचे कधी बसले होते, ते मी आठवायला लागलो होतो.

२०१४ च्या पावसाळ्यानंतर कधीतरी. गाडी उचलण्याआधी आम्ही लोणावळ्याहून राजमाचीला गेलो होतो, तेव्हा उधेवाडीच्या अलीकडे चिखलात रुतलो. बाबा उतरले, गावातले दोघं आले, तिघांनी मागून रेटा दिला आणि गाडी निघाली. त्यानंतर पाटे बदलले. पाट्यांचे दोन इंच आणि टायरचे सव्वा, म्हणजे सव्वातीन, आणि पुढे मागचा जास्तीचा पाटा धरून साडेतीन इंच. बाबांचा उजवा गुडघा तेव्हाच कुरकुरायला लागला होता. "तुम्ही जा, मला पेपर वाचायचाय," असं ते म्हणायला लागले. मला वाटलं, वय झालं, हौस संपली. नऊ वर्षं मला तेच वाटत होतं. ज्यांना रानात न्यायला गाडी घेतली, त्यांनाच मी साडेतीन इंचांनी बाहेर ठेवलं होतं. आणि त्यांनी एका शब्दाने सांगितलं नाही.

"बाबा, सांगायचं ना मला. उंच होतेय म्हणून."

"तुझी हौस चालली होती," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "आणि सांगण्यासारखं काय त्यात? चल आता, पेट्रोल जळतंय."

२०२२ मध्ये राजमाचीच्या त्याच रस्त्यावर मी मित्रांबरोबर परत रुतलो होतो, तेही आठवलं. पंधराशे किलोंची गाडी पाच जणांना हलली नाही. विंच होती, पण तिचा दोर बांधायला जवळ ना झाड ना कातळ. शेवटी गावातून ट्रॅक्टर आणला. बॅन्टमच्या त्या दोन माणसांच्या कसोटीत आमची गाडी साफ नापास.

पासिंग झाल्यावर सामान परत चढवायचं का, हा प्रश्न महिनाभर डोक्यात होता. शेवटी कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि प्रत्येक वस्तूपुढे लिहिलं, अकरा वर्षांत ही खरोखर किती वेळा लागली? विंच: दोनदा, त्यातली एकदा दुसऱ्याची गाडी ओढायला. टपावरचा तंबू: सात रात्री. हवेचा छोटा पंप: प्रत्येक सहलीला. फावडं: बहुतेक वेळा. ओढायचा पट्टा: सहा-सात वेळा. चाकाखाली टाकायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या (बॅग्नोल्डच्या पन्हळींची नातवंडंच): पाचदा.

तर आता गाडीत एवढंच आहे: मूळ मापाचे पण जाड खाचांचे टायर, पंप, फावडं, पट्टा, त्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या, जमिनीवर ठोकायचा साधा तंबू, एक स्टोव्ह आणि वीस लिटर पाणी. परत त्याच काट्यावर गेलो. १११० किलो, माझ्यासकट. तेच पोरगं होतं. "सळई उतरवली वाटतं," म्हणाला.

सगळंच गोड झालं असं नाही. टपावरचा तंबू गॅलरीत पडून आहे आणि त्यावर बायको पापड वाळवते. कापडी हुडातून पावसाळ्यात पाणी येतं. आणि खरं सांगायचं तर कुणाची उंच, मोठ्या चाकांची गाडी शेजारून गेली की अजून मान वळते.

२०२४ च्या जानेवारीत बाबांना घेऊन येडगाव धरणावर गेलो. तिथून कुकडीचा डावा कालवा निघतो, तो पारनेर, श्रीगोंद्याकडून पुढे पार करमाळ्यापर्यंत जातो. बाबा कालव्याच्या काठाने चालले, एका वळणापाशी थांबले आणि इथे राहुटी होती, इथे विंचू निघाला होता, इथे खलाशांनी पिठलं केलं होतं, असं हाताने दाखवत राहिले. लेक मोबाइलवर सगळं रेकॉर्ड करत होती.

परतताना शेतातल्या ओल्या वाटेला लागलो. बाबांनी खिडकीतून खाली पाहिलं.

"ते दोर गुंडाळायचं यंत्र काढून टाकलंस ना तू?"

"हो."

"मग रुतली तर?"

"ढकलू."

"कोण? मी?" म्हणाले, आणि काठी सीटच्या मागे नीट ठेवून सावरून बसले.